परसात दहा कोंबड्यांचा खुराडा: काळी जमीन, मुंगूस आणि मे महिन्याचं ऊन

गिरणाकाठ
मंडळी, राम राम. गाव चाळीसगाव तालुक्यातलं. घरामागे २० बाय १५ फूट मोकळी जागा आहे, कोपऱ्यात कडुनिंब, जमीन काळी. नऊ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा ठेवायचा विचार आहे. संक्रांतीनंतर रविवारी-रविवारी घरच्यांनीच मिळून खुराडा बांधायचा. आम्ही दोघं, आई-आबा, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा. वेल्डिंग येत नाही, करवत-हातोडा चालतो. आबा म्हणतात चारी बाजूंनी पत्रा ठोका, मुंगसाची कटकटच नको. पण उन्हाळ्यात आत भट्टी होईल ना? माप किती धरू, जाळी कोणती, पोरांना काय काम देऊ?

पांझरा
आबांची मुंगसाची काळजी खरी आहे, पण चारी बाजूंनी पत्रा अजिबात नको. मुंगसाला जाळी अडवते. पत्रा फक्त वारा अडवतो, आणि आपल्याकडे ४४ अंशांत कोंबडी मरते ती वारा नसल्यामुळे.

दहा पक्ष्यांना आत ६ बाय ४ फूट पुरे, कारण दिवसभर ते बाहेरच असणार. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-दुपारचं तिरपं ऊन फक्त ४ फुटी भिंतींवर येईल. त्या दोन भिंती बंद करा, उत्तर-दक्षिण जाळीच्या. पश्चिमेची बंद भिंत पावसाची झड आणि उन्हाळ्यातली झळही अडवते.

खरं काम जमिनीचं आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब सरळ त्यात पुरले की पहिल्याच पावसाळ्यात चौकट तिरकी होते, दार घासायला लागतं, कडी भोकात बसत नाही. मग कोणीतरी दार नुसतं लोटून ठेवतं आणि मुंगूस त्याच रात्री आत शिरतं. म्हणून ८ बाय ६ फुटांत दीड फूट माती काढा, मुरूम थरांनी भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोका. आतला ६ बाय ४ चा भाग जमिनीपासून फूटभर उंच घ्या, हाच ओटा, कडेने विटांची एकेरी ओळ सिमेंटमध्ये. सव्वा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम मागवा, ठोकल्यावर बसतो.

खांब निलगिरीच्या ३ इंची बल्ल्यांचे: पुढे (उत्तरेला) ९ फुटी तीन, मागे ८ फुटी तीन. प्रत्येकाचे ३ फूट ओट्याच्या पातळीखाली जातील. तेवढ्या भागाला डांबर किंवा जळकं ऑइल दोनदा लावून वाळवा, नाहीतर उदई (वाळवी) दोन वर्षांत पोखरते. छताला ८ फुटी तीन पत्रे. पुढे-मागे पावणेदोन फुटांवर छज्जा निघतो. दक्षिणेकडची बाजू बुटकी असल्याने पाऊस आत येत नाही.

सातपुडा_पायथा
पांझराभाऊंनी पाया छान सांगितलाय. जाळीचं मी सांगतो, कारण पैसे वाचवायला लोक इथेच फसतात.

बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळते ती षटकोनी, पातळ तारेची. ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला किंवा रानमांजराला बाहेर ठेवत नाही. तार दाताने तुटते, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय भोकातून ओढला जातो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्ड केलेल्या तारांची चौकोनी जाळी) घ्या, १८ गेज, ४ फूट रुंद, ४५ फूट. घेर २० फूट आहे, त्यामुळे दोन फेरे बसतात. खालच्या फेऱ्याचे २ फूट भिंतीवर, १ फूट ओट्याच्या बाहेरून खाली, आणि उरलेला १ फूट जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवा वळवून वर मुरूम-दगड. घूस किंवा मुंगूस भिंतीच्या बुडाशी उकरतं, तिथे खाली जाळी लागली की सोडून देतं, फूटभर मागे येऊन उकरायचं त्याला सुचत नाही. वरचा फेरा थेट पत्र्यापर्यंत न्या. पत्र्याच्या नाळ्यांखालची फटसुद्धा जाळीच्या तुकड्यांनी बुजवा, सिमेंटने नाही. गरम हवा तिथूनच निघते.

खिळ्यांवर भागवू नका. यू-खिळे दर चार इंचांवर, वर लाकडी पट्टी. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या, आणि दार-चौकटीत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको.

गिरणाकाठ
धन्यवाद दोघांना. पूर्व-पश्चिमेच्या भिंती विटांच्या करू की दुसरं काही? आणि आत दांड्या, अंड्यांची जागा?

बोरीकाठची
ताई असो की दादा, विटा नका लावू. माघात तूर निघते, तुराट्या घरच्याच असतील. जाळीवर बाहेरून तुराट्यांचा कूड बांधा आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीने लिंपा. वीट रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, कूड लवकर निवतो. लिंपण मात्र भेग न ठेवता करा. उघड्या काड्यांत आणि बांबूच्या पेरांत लाल उवा दिवसा लपतात, रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. तुरा फिका पडला, अंडी कमी झाली की रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला बोट फिरवून बघा. बोटावर लाल डाग उमटला तर उवाच.

दांड्या बाभळीच्या, दोन इंच जाड, कडा गोल केलेल्या. ४ फुटी दोन, जमिनीपासून अडीच फुटांवर, एकमेकींपासून सव्वा फूट. दोन्ही एकाच उंचीवर. एक वर, एक खाली केली की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामाऱ्या आणि खालच्यांच्या अंगावर विष्ठा. प्लास्टिकचा पाईप नको, पाय घसरतो. अंड्यांसाठी तीन खोकी, फूट बाय फूट, जमिनीपासून फूटभरच उंच. ती दांडीपेक्षा उंच झाली की कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. तेलाचा पत्र्याचा डबा उन्हाळ्यात तापतो, त्यापेक्षा केळीचा जुना क्रेट बरा.

खाली तीन इंच भाताचं तूस. नवापूरकडे गिरणीत मिळतं. शेंगांची टरफलं ओली झाली की बुरशी धरतात, ती नको.

नववीतल्या मुलीला आखणी द्या. ६ बाय ४ चा कर्ण ७ फूट अडीच इंच यायला हवा, दोन्ही कर्ण सारखे आले की कोपरे काटकोनात. धाकट्याला लिंपण आणि चुन्याचा हात, पण कळीचा चुना विझवायला मोठ्यानेच बसायचं. तो उसळतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. कापलेली जाळी हाताळताना सगळ्यांना जाड हातमोजे.

पांझरा
उन्हाळ्याचं राहिलं. पत्र्याला वरून चुना, त्यावर एप्रिलमध्ये पऱ्हाटी किंवा केळीच्या वाळल्या पानांचा अर्धा फूट थर दोरीने बांधायचा. रोहिणीत तो काढून टाका, भिजून कुजतो. उत्तर-दक्षिणेच्या जाळीला ओलं गोणपाट बारा ते पाच, पण वरचा फूटभर भाग उघडा. हवा कोरडी आहे तोवरच हा उपाय चालतो, पाऊस सुरू झाला की ओलं गोणपाट उलट घुसमट करतं. दाणा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, कारण पचनानेही अंग तापतं. दहा जणांना थंडीत अडीच लिटर पाणी पुरतं, मे महिन्यात पाच लिटर धरा. मातीच्या पराती कडुनिंबाखाली ठेवा आणि दुपारी पाणी बदला.

सातपुडा_पायथा
लसीचं आत्ताच ठरवा भो. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीची कुपी साधारण शंभर मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोणी फोडत नाही. गल्लीतल्या पाच-सहा घरांची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्यात एकच दिवस मागा. नवापूरला २००६ आणि २०२१ साली बर्ड फ्लू झालेला आहे, त्यामुळे दोन-तीन पक्षी एकदम मेले तर ते नाल्यात फेकू नका, हात लावू नका, दवाखान्यात कळवा.