लेकरांना पानगळ दाखवायला कुठं न्यावं?

जालनेकर: पोरं पाच आणि नऊ वर्षांची. एका दिवसात जाऊन यायचंय. महिना कोणता, चालवायचं किती?

रानवाट: फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. आपल्याकडं पानगळ थंडीमुळं नाही, जमिनीतली ओल आटल्यामुळं होते. म्हणून आधी उघड्या मुरमाड उतारावरची झाडं झडतात, ओढ्याकाठची मागून. कन्नडजवळचं गौताळा अभयारण्य बघा. पळस निष्पर्ण होऊन केशरी फुललेला असतो. कुसुमाच्या झाडाची कोवळी पालवी मात्र तांबडीलाल, लांबून फुलंच वाटतात! खाली पडलेलं पळसाचं पान उचलायला लावा: एका देठाला तीन पर्णिका, मधली मोठी. ‘पळसाला पानं तीनच’ तिथंच कळतं.

पाचवर्षीयाला येऊन-जाऊन तीन किलोमीटर पुरे. सकाळी सातला चालायला लागा, साडेदहाच्या आत सावलीत. माणशी दीड लिटर पाणी.

डोंगरमाथा: गौताळ्यातली पितळखोऱ्याची लेणी बघायची तर आधी पायऱ्या उतरायच्या असतात, चढण परतीला उन्हात येते. अर्धं पाणी तिच्यासाठी राखा. कड्याला आग्या मोहोळ असू शकतं. अत्तर, धूर, आरडाओरडा नको.

मुरमावर वाळका पाला म्हणजे पाय घसरणारच. उतारावर लेकराला आतल्या, डोंगराच्या बाजूला ठेवा. पाल्यात हात घालू देऊ नका, काठीनं हलवा.

रानवाट: खाजकुइली राहिलीच. वाळलेल्या शेंगांवरची सोनेरी कुसं वाऱ्यानंही अंगाला लागतात. चोळलं की आत रुततात. चिकटपट्टी लावून उचलायची, मगच पाणी. पूर्ण बाह्यांचे कपडे घालाच.