सिसिलियन ड्रॅगन: वजीर देऊन दोन हत्ती घेतले, तरी बरोबरीच. पांढऱ्याने पुढे काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत माझ्याकडे पांढरी मोहरी होती. समोर शाळकरी मुलगा, पण ड्रॅगन (सिसिलियन बचावातला काळ्याचा एक प्रकार) तोंडपाठ. बुद्धिबळासाठी आयुष्य वेचलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात अशी पोरं भेटतात, याचा आनंदच आहे.

मी नेहमीचा युगोस्लाव्ह हल्ला लावला: उंट ई३, प्यादं एफ३, वजीर डी२, मग वजिराच्या बाजूला कॅसलिंग. त्याने ९व्या खेळीला बेधडक डी५ केलं. मारामारी होऊन १३व्या खेळीला माझ्या वजिराने डी५चं प्यादं घेतलं. पुढे (तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी, × म्हणजे मोहरा मारला):

१३... वजीर सी७
१४. वजीर × ए८ उंट एफ५
१५. वजीर × एफ८ शह, राजा × एफ८
१६. हत्ती डी२ एच५
१७. उंट ई२

१४व्या खेळीनंतर सी२वर मातेची धमकी आणि माझ्या वजिरावर हल्ला एकदमच, त्यामुळे १५वी खेळी सक्तीचीच. अडचण त्यानंतरची. एच१चा हत्ती मधे आणावा, तर सी७चा वजीर एच२चं प्यादं खातो. एच४ करावं, तर वजीर जी३वर येऊन जी२च्या प्याद्यावर हल्ला करतो. शेवटी दोघांनीही त्याच त्याच खेळ्या केल्या. तीच स्थिती तीनदा आली आणि अर्धा गुण.

संगणकाचं बुद्धिबळ इंजिन 'समान' म्हणतं. तेवढ्याने माझं समाधान होत नाही. १९९५ साली न्यूयॉर्कला जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारॉव्हने काळ्याकडून याच ड्रॅगनवर आनंदविरुद्ध ११वा आणि १३वा डाव जिंकला, तेव्हा काळ्याच्या कल्पना सगळ्यांना ठाऊक आहेत. पांढऱ्याची योजना कुणी सांगेल का? १७व्या खेळीला उंट डी४ करून काळ्या घरांचे उंट मारून टाकावेत का? मला भीती ही, की मग हत्तीने डी४वर उंट परत घेतला, तर सी२ उघडं पडतं आणि तिथे वजिराने मात होते.

प्रतिसाद: दादा, दोन हत्ती एकाच प्याद्यावर तुटून पडले तरच वजिराला भारी पडतात. इथे ते प्यादं ए७. तुमचा ई३चा उंट त्यावर टपलेलाच आहे, म्हणून त्याचा वजीरही मोकळा नाही. त्याने एच२ खाल्लं, तर तुम्ही ए७ घ्या. ए, बी, सी अशी तीन प्यादी सुटतात, म्हणजे त्यांना अडवायला काळ्याचं प्यादं उरत नाही. मात्र राजा आधी बी१ला न्या. नाहीतर उंट ई३वरून हलला की त्याचा उंट एच६वर येऊन डी२चा हत्ती जखडतो (हत्ती हलला तर मागच्या राजाला शह). सतराव्या खेळीनंतरची पूर्ण नोंद टाकाल का? राजा बी१ला न्यायला सवड होती का, ते बघू.