मदत हवी आहे: १० इंची शेड्यूल १६० पाइपला टिग रूट (तळाचा थर) + आर्क फिल (वरचा भराव), जुने पीक्यूआर (वेल्डिंग पद्धतीच्या चाचणीची नोंद) एकत्र करून चालेल का?

क्यूसी_तळोजा
नमस्कार मंडळी. काम बी३१.३ (प्रोसेस पाइपिंगचा एएसएमई कोड) खालचं आहे, पाइप ए१०६ ग्रेड बी, १० इंच शेड्यूल १६०, म्हणजे भिंत २८.५८ मिमी. रूट आणि हॉट पास (रूटवरचा थर) टिगने (फिलर ईआर७०एस-२), वर आर्कने, इलेक्ट्रोड ई७०१८. पीडब्ल्यूएचटी (वेल्डनंतरची उष्णता प्रक्रिया) नाही, इम्पॅक्ट टेस्टची (थंडीतल्या चिवटपणाची चाचणी) अटही नाही. हाताशी तीन पीक्यूआर आहेत, तिन्ही पीडब्ल्यूएचटीविना:

पीक्यूआर-ए: फक्त टिग, ६ इंच शेड्यूल ८०, १०.९७ मिमी, पूर्ण जॉइंट टिगने.
पीक्यूआर-बी: फक्त आर्क, ए५१६ ग्रेड ७० ची २५ मिमी प्लेट, पूर्ण जॉइंट ई७०१८ ने.
पीक्यूआर-सी: टिग ३ मिमी + आर्क ११.२७ मिमी, ६ इंच शेड्यूल १२०, १४.२७ मिमी.

ए आणि बी जोडून डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची लेखी कार्यपद्धती) काढला होता, थर्ड पार्टीने (बाहेरच्या तपासणीसाने) परत पाठवला. शेरा एवढाच: "टिगची जाडी कव्हर होत नाही." नवीन कूपन (चाचणीचा वेल्ड तुकडा) लावावं लागेल का?

शॉपफ्लोअर_७०१८
सी एकटाच लावा की! १४.२७ ची दुप्पट साधारण २८.५, तुमचा पाइप २८.५८. पॉइंट शून्य चारसाठी कोण अडवतं?

कोडवाचक
अडवतात, आणि अडवायलाच हवं. १४.२७ × २ = २८.५४. एएसएमई सेक्शन नाइनच्या (वेल्डिंग क्वालिफिकेशनचा कोड) क्यूडब्ल्यू-४५१.१ मध्ये २टी (टी म्हणजे कूपनची जाडी) लिहिलंय, "साधारण २टी" नाही. कागदावर २८.५४ आणि जॉइंटवर २८.५८ दिसलं की इन्स्पेक्टर पेन उचलणारच. पण त्या ०.०४ साठी भांडायची गरजच नाही, रस्ता दुसरा आहे.

आधी ए + बी का फसलं ते बघा. एका जॉइंटला दोन पीक्यूआर लावता येतात, क्यूडब्ल्यू-२००.४ (ए) तशी मुभा देतं. मात्र बेस मेटलची जाडी आणि वेल्ड मेटलची जाडी, दोन्ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगवेगळ्या पाळाव्या लागतात. बी ठीक आहे: टी २५, बेस ५ ते ५० मिमी, आणि आर्कचं डिपॉझिट (भरलेलं वेल्ड मेटल) १९ च्या वर असल्याने तेही ५० पर्यंत. ए मध्ये टिग डिपॉझिट २१.९४ पर्यंत चालतं, पण बेस मेटलही २१.९४ लाच थांबतं. तुम्ही टिगने चारच मिमी भरा, पाइप २८.५८ चा आहे, त्यामुळे ए बाद. बरेच जण फक्त डिपॉझिटचा आकडा बघतात आणि इथेच अडकतात.

आता क्यूडब्ल्यू-२००.४ चं (बी) कलम वाचा. कूपन किमान १३ मिमी असेल तर त्या पीक्यूआरमधली प्रोसेस, तिच्या डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत, फक्त रूटच्या थरांसाठी वापरता येते. आणि बेस मेटलची कमाल मर्यादा मग दुसऱ्या, जास्त जाडीच्या पीक्यूआरची धरतात. ए चं कूपन १०.९७, तिथेही नापास. सी चं १४.२७, पास. म्हणजे टिग सी मधून, ६ मिमीपर्यंत. आर्क बी मधून. बेस ५ ते ५०. नवीन कूपन नको.

क्यूसी_तळोजा
वा, सी कडे मी फक्त २टी म्हणूनच बघत होतो. बी प्लेटवर आहे आणि ग्रेडही वेगळी, ते चालेल ना?

कोडवाचक
चालेल. प्रोसिजरसाठी प्लेटचं कूपन पाइपलाही धरतात, व्यासाची भानगड वेल्डरच्या क्वालिफिकेशनला. ए५१६-७० पी नंबर (बेस मेटलचा गट) १ ग्रुप २, ए१०६ बी पी नंबर १ ग्रुप १. ग्रुप बदलणं इम्पॅक्ट असेल तरच आडवं येतं. ई७०१८ एफ-४, ईआर७०एस-२ एफ-६ (एफ म्हणजे फिलरचा गट), दोन्ही ए-१ (वेल्ड मेटलच्या रसायनाचा गट). फिलरमध्ये अडचण नाही.

ऑडिट_टेबल
दोन गोष्टी सबमिट करायच्या आधी तपासा.

सी च्या पीक्यूआरवर ३ आणि ११.२७ असे वेगवेगळे आकडे खरंच आहेत का? "टिग + आर्क, १४.२७" एवढंच लिहिलेले पीक्यूआर ढिगाने सापडतात. तसं असेल तर टिगच्या डिपॉझिटची जाडी शून्यात जमा. आता बसून आकडा भरायचा नाही. त्या वेळची रन शीट किंवा लॅब रेकॉर्ड असेल तरच पुरवणी जोडता येते. आणि टेस्ट करताना बॅक गॉजिंग (मागून खोदणं) करून रूट काढून टाकलं असेल, तर ते टिग टेन्साइल-बेंडच्या तुकड्यात गेलंच नाही, मग ३ मिमी कशाचे मोजणार?

दुसरं प्रीहीट (वेल्डआधी तापवणं). बी३१.३ मध्ये पी-१ ला पीडब्ल्यूएचटीतून सूट आहे, पण २५ मिमीच्या वरच्या भिंतीला ९५ अंश प्रीहीट आणि एकावर एक थर या अटींवर. तुमची भिंत २८.५८. डब्ल्यूपीएसवर "१० अंश किमान" राहिलं तर सूटच जाते. पीक्यूआरमध्ये प्रीहीट कमी असलं तरी वाढवायला हरकत नाही. उलट पीक्यूआरच्या खाली ५५ अंशांपेक्षा जास्त उतरलात तर तो इसेन्शियल व्हेरिएबल (बदलला की नवीन पीक्यूआर लागणारा घटक).

जाता जाता: "इम्पॅक्ट नाही" हे लाइन लिस्टवरच्या डिझाइन मिनिमम तापमानाशी ताडून घ्या. ए१०६ ग्रेड बी हा बी३१.३ च्या कर्व्ह बी वर (जाडीनुसार इम्पॅक्टशिवायचं किमान तापमान दाखवणारा आलेख) येतो, आणि या जाडीला कर्व्ह शून्याच्या आसपासच सोडून देतो, −२९ पर्यंत नाही. इम्पॅक्ट लागलं तर ग्रुप नंबर, हीट इनपुट, फिलरचं क्लासिफिकेशन सगळं जागं होतं, आणि टिग व आर्क दोन्हींच्या वेल्ड मेटलचे शार्पी (इम्पॅक्ट टेस्ट) लागतात. मग ही जोडाजोडी सोडून नवीन कूपनच बरं.

शॉपफ्लोअर_७०१८
बरं, ०.०४ चं मान्य. पण ६ मिमी टिग शॉपमध्ये पाळायचं कसं? वेल्डर हात बसला की तिसरा पासही टिगनेच मारतो.

कोडवाचक
रूट आणि एक हॉट पास मिळून ४ ते ५ मिमी होतात, तिथे थांबवा. फिट-अपच्या वेळी बेव्हलच्या काठापासूनची खोली मोजून ठेवा, हॉट पासनंतर पुन्हा मोजा. फरक म्हणजे टिग. त्यावर पहिला आर्क पास २.५ मिमी इलेक्ट्रोडने, ७०-९० अँपिअर. रूटवर एकच पातळ पास ठेवून थेट ३.१५ चा रॉड लावला तर आतून बर्न-थ्रू, आणि आरटीमध्ये (रेडिओग्राफीत) तो दिसतोच.

क्यूसी_तळोजा
रिपेअरला हाच डब्ल्यूपीएस लावायचा? आरटीमध्ये मधल्या थरात स्लॅग आला आणि वरून १५ मिमी खोदलं, तर वेल्डर टिग मागतात.

ऑडिट_टेबल
नाही. (बी) कलमातून आलेलं टिग रूटपुरतंच. मधल्या थरात किंवा कॅपवर टिग मारलं की ते डब्ल्यूपीएसबाहेर गेलं, जाडी दोन मिमी असली तरी. तुमच्या उदाहरणात १५ खोदून खाली १३.५८ उरतात, म्हणजे रूट शाबूत आहे; ई७०१८ नेच भरा. आर्कला पीक्यूआर-बी मधून ५० पर्यंत मोकळीक आहे. खोदकाम रूटपर्यंत आरपार गेलं तर तळाचे थर पुन्हा टिगने, तेच ६ मिमी, वर आर्क.

जाड पाइपचं काम पुढेही येणार असेल आणि टिगने रिपेअर हवंच असेल, तर ३८ मिमीची एक प्लेट लावून टाका: टिग १० + आर्क २८. बेस ५ ते २००, टिग २० मिमीपर्यंत आणि क्यूडब्ल्यू-२००.४ (ए) खाली असल्याने जॉइंटमध्ये कुठेही, आर्क २०० पर्यंत. टेस्ट दोन टेन्साइल, चार साइड बेंड. लॅबच्या मशीनची ताकद कमी पडली तर टेन्साइलचे जाडीत तुकडे करून ओढता येतात, फक्त सगळे मिळून पूर्ण जाडी भरली पाहिजे.

क्यूसी_तळोजा
सी ची रन शीट सापडली, टिग दोन पास, ३ मिमी लिहिलंय. डब्ल्यूपीएसवर "टिग कमाल ६ मिमी, फक्त रूट, आधार क्यूडब्ल्यू-२००.४ (बी)" असं टाकून आणि प्रीहीट ९५ करून उद्या पाठवतो. लाइन लिस्ट मागवली आहे.