'हळवा' की 'संवेदनशील'? एक प्रश्नावली अडलीय

मृण्मयी: विद्यापीठातल्या मुलांसाठी इलेन आणि आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञांची १९९७ची २७ प्रश्नांची मोजपट्टी मराठीत आणतेय. माणूस किती 'सेन्सिटिव्ह' आहे, हे ती मोजते. तीत रडण्याबिडण्यापेक्षा प्रखर उजेड, कर्कश आवाज, खरखरीत कापड यांचा त्रास होतो का, हे जास्त विचारलंय. आजार नव्हे, स्वभाव. पण 'हळवा' लिहिलं की मुलगे 'नाही'वर खूण करून मोकळे! शिवाय समाजशास्त्रज्ञ अँटोनोव्हस्कींचा 'सेन्स ऑफ कोहेरन्स' आहे: घडतंय ते कळतंय, झेपतंय आणि त्यासाठी झटण्यात अर्थ आहे, ही धारणा. दोन्हींना शब्द सुचवा.

जुनंखोड: 'संवेदनशील'. विषय संपला.

मृण्मयी: कसा संपेल? 'संवेदनशील भाग' म्हटलं की पोलीस बंदोबस्त आठवतो, 'संवेदनशील कवी' ही स्तुती. ट्यूबलाइटची गुणगुण असह्य होणारा मुलगा यात कुठे बसतो?

कोरीपाटी: 'हुळहुळा'! खरचटलेल्या जागी कापड लागलं की हुळहुळतं, तसा.

जुनंखोड: विद्यापीठाच्या कागदावर हुळहुळा? पोरं हसतील.

पारावरचा: हळवं पीक म्हणजे लवकर तयार होणारं, गरवं उशिरा. हळवा माणूसही त्यातलाच, डोळे लवकर भरून येणारा. कोशात शोधू नका, व्युत्पत्ती घरची आहे. 'सेन्स ऑफ कोहेरन्स'साठी 'उमेद' घ्या.

जुनंखोड: फारसी.

मृण्मयी: फारसीचं राहू दे. पण उमेद असून काहीच कळत नाही, असंही होतं ना?

सौदामिनी: त्याआधी प्रश्नावलीत डिप्रेशनसाठी 'नैराश्य' शब्द असेल तर काढा. निकाल बिघडला की निराशा येतेच. डिप्रेशनमध्ये कशात रस उरत नाही, झोप-भूक बिघडते आणि हे किमान दोन आठवडे रोजचं होऊन बसतं. माझा भाऊ डॉक्टरांना सांगायचा, "मी निराश नाहीये, मला काही वाटतच नाही."

जुनंखोड: मग 'अवसाद'. सद् धातू, खचणं.

पारावरचा: हिंदी!

जुनंखोड: संस्कृत! 'विषाद'ही त्याच धातूचा. गीतेचा पहिला अध्याय काय हिंदीत आहे?

सौदामिनी: अर्जुनाला समजवायला कृष्ण शेजारीच होता. या पोरांना आधी प्रश्न तरी समजू दे.

कोरीपाटी: पोरं 'डिप्रेशन'च म्हणतात, तेच छापा.

जुनंखोड: मग अख्खी प्रश्नावली इंग्रजीतच द्या की!

कोरीपाटी: 'प्रश्नावली' तरी कोण म्हणतं? फॉर्म म्हणतात.