स्क्रीनकास्ट (पडद्याचं रेकॉर्डिंग): अक्षरं धूसर, फाइल अवाढव्य आणि मुलं निम्म्यात सोडतात

बीजगणित_नववी:
नववीच्या वर्गासाठी ओबीएस स्टुडिओवर (पडदा रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) धडे रेकॉर्ड करतो. लॅपटॉपचा पडदा 1920×1080, मागे स्लाइड आणि त्यावर पेन टॅब्लेटने लिहिणं. 22 मिनिटांची फाइल 800 एमबी होते. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात, आवाज लांबून आल्यासारखा येतो आणि बहुतेक मुलं निम्म्यात सोडतात. कुठून सुरुवात करू?

पडदानशीन:
आधी अक्षरांचं बघा. साधारण 34 सेंमी रुंद पडद्यावरचं चित्र मुलं 14 सेंमी रुंद मोबाइलवर बघतात, म्हणजे प्रत्येक अक्षर 40 टक्क्यांवर येतं. रेकॉर्डिंगची गुणवत्ता वाढवून हे सुटत नाही, फक्त फाइल फुगते. रेकॉर्ड करण्यापुरतं पडद्याचं रिझोल्यूशनच 1280×720 करा आणि स्लाइडवर 28 पॉइंटपेक्षा लहान काही ठेवू नका. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये बेस (मूळ चित्राचा आकार) आणि आउटपुट (फाइलमधला आकार), दोन्ही 1280×720. हे दोन आकडे वेगळे राहिले की चित्र लहान-मोठं करताना अक्षरांच्या कडा विरघळतात. धूसरपणाचं नेहमीचं कारण हेच.

आउटपुट मोड अॅडव्हान्स्ड करून रेट कंट्रोलमध्ये सीबीआरऐवजी (दर सेकंदाला ठरावीक डेटा) सीआरएफ (ठरावीक गुणवत्ता, डेटा गरजेपुरता) निवडा, आकडा 23 ते 26. सीबीआर स्थिर स्लाइडवरही तेवढाच डेटा उधळतो. पेनने लिहिताय म्हणून 30 एफपीएस (सेकंदाला 30 चित्रं). नुसत्या स्लाइड असत्या तर 15 पुरले असते. कीफ्रेम (व्हिडिओत साठवलेलं पूर्ण चित्र, मागे-पुढे उडी तिथेच पडते) इंटरव्हल 2 सेकंद ठेवा. तो आपोआपवर सोडला की कीफ्रेम लांब लांब पडतात, आणि मुलं एक पायरी मागे जायला गेली तर व्हिडिओ भलतीकडेच उडी मारतो. गणितात हे फार खटकतं.

कानसेन:
आवाज लांबून येतोय म्हणजे बहुधा लॅपटॉपचाच माइक आहे. तो पंख्याजवळ असतो आणि तोंडापासून हातभर दूर. गेन (माइकची पातळी) वाढवला की पंखा आणि खोलीतला घुमारा, दोन्ही तितकेच वाढतात. साधा कॉलर माइक छातीवर, हनुवटीपासून 15-20 सेंमी खाली लावा. ओबीएसच्या मीटरवर बोलताना शिखरं −12 ते −6 डीबीच्या दरम्यान हवीत. 0 ला टेकली तर आवाज फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. नॉइज सप्रेशनचा (खरखर कमी करणारा) फिल्टर कॉम्प्रेसरच्या (हळू-मोठा आवाज सारखा करणारा फिल्टर) आधी लावा, नाहीतर कॉम्प्रेसर आधी खरखरच वर उचलतो.

पायरी_पायरीने:
वरचं सगळं केलंत तरी 22 मिनिटं ती 22च. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संस्थळाच्या व्हिडिओंवरचा 2014चा अभ्यास आहे: व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक जेमतेम 6 मिनिटांपर्यंत जातो. म्हणून एक व्हिडिओ, एक उदाहरण. वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवणं एका फाइलमध्ये, सूत्राने सोडवणं दुसऱ्या.

स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं वाचू नका. मुलं तुमच्या बोलण्यापेक्षा भराभर वाचतात आणि मग डोळे-कानांची ओढाताण होते. पडद्यावर फक्त गणित, स्पष्टीकरण तोंडी. अवघड पायरीच्या आधी ‘इथे थांबवा, पुढची ओळ वहीत लिहा’ म्हणा आणि चार सेकंद गप्प राहा. तेवढ्यात थांबवायचं बटण सापडतं. कर्सर गोल गोल फिरवायची सवय असेल तर मोडा. दाखवायचं तेवढं दाखवून तो बाजूला न्यावा.

माझ्या मते खरा फायदा मात्र उलट दिशेने आहे: मुलांना रेकॉर्ड करू द्या. एक गणित, कमाल 2 मिनिटं, मोबाइलच्या स्क्रीन रेकॉर्डरवर किंवा वहीवर कॅमेरा रोखून. अट एकच, प्रत्येक ओळीला ‘का’ सांगायचं. चिन्ह बदलताना ‘पलीकडे नेलं’ म्हणणारा मुलगा आणि ‘दोन्ही बाजूंतून वजा केलं’ म्हणणारा मुलगा उत्तरपत्रिकेत सारखेच दिसतात. इथे लगेच वेगळे ओळखू येतात. एका वेळी पाच-सहा जणांनाच द्या, नाहीतर तपासणीत तुमचाच दम निघेल.

बीजगणित_नववी:
उपयोगी आहे सगळं. एक राहिलं: मध्येच लॅपटॉप बंद पडला तर एमपी4 फाइल उघडतच नाही. त्यावर काही?

पडदानशीन:
साध्या एमपी4ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते, म्हणून अर्धवट फाइल वाचता येत नाही. एमकेव्हीत (दुसरा फाइल प्रकार) रेकॉर्ड करा, बंद पडेपर्यंतचा भाग शाबूत राहतो. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतून रीमक्स रेकॉर्डिंग्ज वापरून एमपी4 करा. त्यात व्हिडिओचं पुन्हा एन्कोडिंग होत नाही, फक्त फाइलचा प्रकार बदलतो, त्यामुळे काही सेकंदांचंच काम आहे.