पोलादाचं नाव चिरत नाही, धार चिरते

कुरुंद: परवा 'इस्पात' यांनी सुरीच्या पोलादांबद्दल लिहिलं होतं, "एम३९० किंवा मॅग्नाकटच्या खालची सुरी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. व्हीजी-१० आता पत्र्यात जमा." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

२००१ साली एस३०व्ही आलं तेव्हा त्याच्यापुढे काही नाही असंच सगळे म्हणत होते. मग एम३९०चं वेड आलं, २०२१ला मॅग्नाकट. दर वेळी कालचं पोलाद पत्रा ठरतं. एस३०व्ही तेव्हा जसं चिरायचं तसंच आजही चिरतं. अहो, पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कठीण कसं केलंय, ते बघा! एम३९० ६०-६१ रॉकवेलला (कठीणपणाचं माप) नेलं तर सोनं. तेच ५८वर सोडलं तर पात्यावरचा शिक्का तोच, किंमत तीच, धार मात्र वळते. आणि पातं धारेच्या मागे किती पातळ आहे? माझी एम३९०ची सुरी इतकी जाड आहे की गाजर चिरत नाही, फोडते. साडेअठरा हजार मोजलेत मी त्या नावासाठी.

इस्पात: सोयीचं तेवढं उचललंत. पुढचं वाक्य होतं, "कोकणात राहत असाल तर." मी रत्नागिरीत राहतो. आओगामी पोलादाची जपानी सुरी हौसेने आणली. जूनमध्ये चार दिवस मुंबईला गेलो, परत येऊन बघतो तर पात्यावर तांबेरा. कैरी चिरली की फोडी काळ्या. मॅग्नाकट दोन पावसाळे वापरतोय, एक डाग नाही.

गंमत म्हणजे एम३९०त क्रोमियम २० टक्के, मॅग्नाकटमध्ये जेमतेम पावणेअकरा. तरी ते गंजत नाही, कारण त्यात क्रोमियमची कार्बाइडं, म्हणजे कार्बनशी जुळून होणारे कठीण कण, होतच नाहीत, सगळं क्रोमियम गंज अडवायला मोकळं राहतं. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी ते ठरवून तसं घडवलं. हे धातुशास्त्र आहे, जाहिरात नव्हे.

मालवणी_माई: तुम्हा दोघांच्या घरात विळी आहे का? माझ्या सासूबाईंची विळी गावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्याची केलेली. पन्नास वर्षं झाली. सुरमईच्या तुकड्या, फणस, नारळ, सगळं तिच्यावर. दोन्ही हात मोकळे, जिन्नस पात्यावर आणायचा. अठरा हजारांच्या सुरीने खोबरं खवून दाखवा.

रेवा_न्यूजर्सी: माई, राग मानू नका, पण विळीचं हे कौतुक मला ऐकवत नाही. माझ्या आईचे गुडघे जमिनीवर बसून चाळीस माणसांची भाजी चिरण्यात गेले. माझ्या डाव्या अंगठ्याला चार टाके आहेत, तेही विळीचेच. इथे ओट्याशी उभी राहून व्हीजी-१०च्या सुरीने चिरते, सात वर्षं झाली. विळीवर बसायची वेळ बायकांवरच यायची, हे विसरू नका.

मालवणी_माई: गुडघे विळीने नाही गेले, चाळीस माणसांनी गेले. मदतीला कोणी बसलं नाही, त्याचा दोष लोखंडाला का? ओट्यावर ठेवायची, पाटाला घडी घालणारी विळी मिळते, मी रोज वापरते. परदेशात जाऊन आपल्या वस्तूंना नावं ठेवणं सोपं असतं.

रेवा_न्यूजर्सी: परदेशाचा काय संबंध? टाके सांगलीत पडलेत. चाळीस माणसांबद्दल मात्र तुमचं खरं आहे.

कुरुंद: विळीवरून आठवलं ते सांगतो, कारण मूळ मुद्दा तिथेच आहे. आमच्या गल्लीत सायकलवर चाक लावून धारवाला यायचा. विळी द्यायची, दहा मिनिटांत तयार. तीच एम३९० मी त्याच्याकडे दिली. त्याने जोर लावला, ठिणग्या उडाल्या आणि धारेच्या कडेला निळा रंग चढला. पाणी उतरलं. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एस९०व्ही पोलादात तर ९ टक्के व्हॅनेडियम. त्याची कार्बाइडं धारेच्या कुरुंद दगडापेक्षा कठीण, साध्या दगडावर तासभर घासा, हिऱ्याची पट्टी घेतल्याशिवाय धार बसणार नाही. पोलादाचं नाव विचारणारे शंभर भेटतात. धार कशावर लावता, असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. आता तो धारवालाही येत नाही, आणि घराघरांत महागड्या बोथट सुऱ्या पडल्यात. याचा मला खरंच त्रास होतो.

इस्पात: पाण्याचं मान्य. रॉकवेलचा आकडा न छापणाऱ्याकडून मीही घेत नाही. पण वाईट पाणी दिलं हा बनवणाऱ्याचा दोष, पोलादाचा नव्हे. आणि लोक नावं विचारतात म्हणूनच चांगलं पोलाद आपल्यापर्यंत पोचतं. दहा वर्षांपूर्वी इथल्या दुकानदाराला विचारलं तर "स्टेनलेस आहे" एवढंच उत्तर मिळायचं.

कुरुंद: नाव विचारा, पण पहिला प्रश्न तो नको. जपानी शिरोगामी, आओगामी ही नावं तर पोलाद ज्या कागदात गुंडाळायचे त्याच्या रंगावरून पडली, पांढरा आणि निळा. तिथला लोहार त्याच साध्या पांढऱ्या कागदाच्या पोलादाला असं पाणी देतो की टोमॅटोची साल पात्याच्या वजनाने फाटते. कोकणापुरतं मॅग्नाकट मान्य करतो. पत्रा हा शब्द मागे घ्या.

इस्पात: व्हीजी-१०पुरता घेतला. ८सीआर१३एमओव्ही या स्वस्त चिनी पोलादाबद्दल नाही घेणार.

मालवणी_माई: आणि रेवा, अंगठा दुखतो का गं अजून थंडीत?