उपाशी राहिलेलं पिल्लू मोठं होऊन अर्धंच गातंय

कुळागरवाली, माशेल

आमच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पिंजऱ्यात झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांची जोडी आहे. गेल्या चवथीच्या आधी दहाएक दिवस त्यांची चार पिल्लं अंड्यातून बाहेर आली. चवथीला आम्ही सगळी पाच दिवस सत्तरीत मूळघरी. शेजारणीकडे किल्ली दिली होती. ती रोज येऊन पाणी बदलायची, दाण्याची वाटी भरलेली दिसायची म्हणून तशीच ठेवायची.

परत आले तेव्हा वाटी खरंच काठोकाठ होती. फुंकर मारली तर सगळी टरफलं उडाली. तळाला राळ्याचे दहा-बारा दाणे. फिंच दाणा चोचीत सोलतो आणि टरफल तिथेच टाकतो, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. दोन पिल्लं गेली होती. उरलेल्या दोघांना नंतर जोडीनं नीट भरवलं. त्यातली एक मादी, एक नर.

आता शिगमा आलाय आणि नर साडेसहा महिन्यांचा आहे. बापाचं गाणं मला पाठ आहे: आधी दोन बारीक टिर-टिर, मग खरखरीत आवाज, मग पिपाणीसारखा वर जाणारा सूर, आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून. पोरगा टिर-टिर करतो, खरखर गाळतो, पिपाणीपाशी येऊन थांबतो. गळ्याची पिसं फुललेली असतात, चोच उघडी असते, पण सूर येत नाही. बहीण बाजूच्या दांडीवर बसून ऐकत असते. कोणी पिंजऱ्याजवळून गेलं की तो बराच वेळ कोपऱ्यात आकसून राहतो, बाकीचे लगेच दाण्यावर येतात.

हे त्या पाच दिवसांमुळे आहे का? बापाचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं तर सुधारेल? जाणकारांनी स्पष्ट सांगावं, मला धीर नको.

रानवाट

ताई, स्पष्टच लिहितो. एका पक्ष्यावरून खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही, पण तुमची शंका रास्त आहे. किंबहुना काही प्रयोगांत तुमच्या वाटीसारखंच करतात: दाण्यात मुद्दाम टरफलं मिसळतात, म्हणजे आईबापांना दाणा शोधायला वेळ लागतो आणि पिल्लांना कमी मिळतं.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत गाण्यासाठी वेगळी केंद्रं असतात. १९७६ मध्ये नोटेबोम या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी ती कॅनरी पक्ष्यात दाखवली. त्यातलं एचव्हीसी नावाचं केंद्र नर फिंचमध्ये पहिल्या काही आठवड्यांत झपाट्यानं वाढतं, म्हणजे पिल्लाला अन्नाची सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हाच. स्पेन्सर, बुकॅनन वगैरेंनी २००३ मध्ये दाखवलं की लहानपणी अन्न कमी पडलेल्या, किंवा कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक दिलेल्या नरांचं गाणं मोठेपणी आखूड आणि साधं होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाला अशा नरांचं एचव्हीसी लहान आढळलं. सगळ्यांना मात्र सारखंच दिसलेलं नाही. २००९ मध्ये ब्रुम आणि सहकाऱ्यांना गाण्याचा गुंतागुंतीचा भाग शाबूत दिसला, पण बापासारखं हुबेहूब उचलणं बिघडलेलं दिसलं. तुमचा नर मधलाच तुकडा गाळतो, ते मला या दुसऱ्या गोष्टीच्या जवळचं वाटतं.

कोपऱ्यात आकसण्याबद्दल: पिल्लू असताना ते संप्रेरक मिळालेल्या फिंचमध्ये मोठेपणी दचकल्यावर ते जास्त वेळ चढलेलं राहतं, हे दिसून आलंय. त्याला सावरायला वेळ द्या, पिंजऱ्याची एक बाजू कापडानं झाका.

मोबाइलचं उत्तर नाही असंच आहे. फिंच साधारण २५व्या ते ६५व्या दिवसापर्यंत ऐकून शिकतो, ९० दिवसांच्या सुमारास गाणं पक्कं होतं, मग बदलत नाही. शिवाय नुसत्या रेकॉर्डवरून तो नीट शिकत नाही, समोर जिवंत नर लागतो.

पहाटेचा_दयाळ, वाळपई

पिंजऱ्यापुरतंच हे नाही. नोविकी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्वॅम्प स्पॅरो या अमेरिकेतल्या रानपक्ष्याची पिल्लं हातानं वाढवली, काहींना पोटभर, काहींना कमी भरवून. कमी भरवलेल्यांनी ऐकलेल्या गाण्याची नक्कल कच्ची केली, मेंदूतली केंद्रंही लहान राहिली. आमच्या कुळागरात चैत्रात दयाळ गातो तेव्हा त्याला घरट्यात किती किडे मिळाले असतील, हा विचार आता दरवेळी येतो. माडावर औषध मारू नका म्हणून मी वडिलांशी त्यासाठीच भांडतो.

ताई, तो अर्धं गातो म्हणून त्याला दुखतंय असं नाही. तो जेवतो, उडतो, बहिणीशेजारी बसतो.

कुळागरवाली, माशेल

दोघांचेही आभार. काल संध्याकाळी पुन्हा लक्ष देऊन ऐकलं. खरखर गाळतोच, पण ती गाळून तो दोन टिर-टिर जोडतो आणि थांबण्याची जागा रोज तीच असते. म्हणजे ते त्याचं गाणं ठरलेलंच आहे. मोबाइल काढून घेतला.

आईबापानं पुन्हा पाच अंडी घातलीत. वाटी सकाळ-संध्याकाळ सुपात पाखडून परत भरते, उकडलेलं अंडं कुस्करून वेगळं ठेवते. शेजारणीला काल बोलावून भरलेल्या वाटीवर तिच्याकडूनच फुंकर मारून घेतली. ती रडली, मग दोघी सोप्यावर बसून चहा प्यालो. पिल्लं उडायला लागली तरी दोन महिने बापापासून वेगळी करणार नाही.